तळटीप आहे, पण तिच्या मागे काय आहे? हिमालयातील हिमनद्या आणि '२०३५' चा संदर्भ

मसुदाकार (विचारणा)

नमस्कार. मराठी विकिपीडियासाठी हिमालयातील हिमनद्या आणि हवामान बदल या विषयावरच्या लेखाचा मसुदा आम्ही तिघे मिळून तयार करत आहोत. त्यातील एका वाक्यावरून आमच्यात मतभेद झाला आहे आणि तो आपापसात मिटेल असे दिसत नाही, म्हणून येथे विचारतो.

सहकाऱ्याने लिहिलेले वाक्य असे आहे: 'सध्याचा वेग कायम राहिला तर हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे.' संदर्भ म्हणून त्याने आयपीसीसीच्या (हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीच्या) २००७ मधील चौथ्या मूल्यांकन अहवालाच्या दुसऱ्या कार्यगटाचा खंड दिला आहे आणि त्यातील आशियावरच्या दहाव्या प्रकरणाचा नेमका विभागही नोंदवला आहे. हा खंड त्याने फार वर्षांपूर्वी उतरवून ठेवला होता. मी त्याच्याकडची प्रत उघडून पाहिली, आणि विधान तेथे जसेच्या तसे आहे. या विधानावरून पुढे बराच गदारोळ झाल्याचे मला अंधुक आठवते. परंतु सहकाऱ्याचे म्हणणे असे की, ज्ञानकोशात माझ्या आठवणीला किंमत नाही, पडताळता येणाऱ्या स्रोताला आहे, आणि हवामान बदलाच्या बाबतीत आयपीसीसीहून वरचा स्रोत दाखवता येत नसेल तर वाक्य काढणे म्हणजे स्वतःचे मत घुसवणे होय. नियमाच्या भाषेत त्याचे बरोबर आहे असे मलाही वाटते, आणि माझी अडचण तीच आहे.

दुसरे वाक्य प्रस्तावनेत समुद्रपातळीच्या ओघात आले आहे: 'संशोधनानुसार २०५० पर्यंत मुंबईचा बहुतेक भाग पाण्याखाली जाईल.' त्याला चार वृत्तपत्रांचे संदर्भ जोडलेले आहेत. चार संदर्भ असलेल्या वाक्यावर शंका घ्यावी की नाही, आणि घ्यायचीच असेल तर सुरुवात कोठून करावी?

ग्रंथालयातली_खिडकी

आपल्या सहकाऱ्याने दिलेला संदर्भ खोटा नाही, हे आधी मान्य करू या. अमुक वाक्य अमुक ठिकाणी छापलेले आहे, एवढेच सांगण्याचे काम तळटीप करते, आणि ते तिने चोख केले आहे. छापणाऱ्याला ते कोठून मिळाले हे पाहण्याचे काम मात्र आपले आहे. माझी पस्तीस वर्षे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. 'संदर्भ मिळेल का' असे विचारणारे विद्यार्थी रोज येत, 'या संदर्भाचा संदर्भ काय' असे विचारणारे वर्षाला दोन-तीन.

त्या उताऱ्याच्या शेवटी कंसात डब्ल्यूडब्ल्यूएफ, २००५ अशी नोंद आहे. म्हणजे आयपीसीसीच्या लेखकांनी हे स्वतः काढलेले नाही, कोणत्याही संशोधनपत्रिकेतूनही घेतलेले नाही. नेपाळ, भारत आणि चीनमधील हिमनद्यांविषयी एका पर्यावरणसंस्थेने काढलेल्या अहवालातून ते आले आहे. त्या अहवालाने आधार घेतला तो 'न्यू सायंटिस्ट' या साप्ताहिकातील जून १९९९ च्या बातमीचा, आणि ती बातमी दिल्लीतील एका हिमनदीतज्ज्ञाशी झालेल्या बोलण्यावर बेतलेली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'डाउन टू अर्थ' या आपल्याकडच्या नियतकालिकानेही हे विधान छापले होते, आणि अहवालातील वाक्याची शब्दरचना त्या मजकुराशी इतकी जुळते की योगायोग म्हणवत नाही. ज्या समितीच्या कामाचा हवाला या बातम्यांत होता, तिच्या अहवालात २०३५ हे साल नाही. थोडक्यात, चार पायऱ्या उतरून आपण तळाशी जातो तेव्हा तेथे मोजमाप नसते, एक मुलाखत असते.

याच्या लगतचे वाक्य तर अधिकच बोलके आहे. हिमनद्यांचे क्षेत्र ५,००,००० चौरस किलोमीटरवरून २०३५ पर्यंत १,००,००० चौरस किलोमीटरवर येईल, असे तेथे म्हटले आहे. हे दोन्ही आकडे रशियन हिमनदीतज्ज्ञ कोत्ल्याकोव यांच्या युनेस्कोने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सापडतात. मात्र तेथे विषय हिमालयाचा नाही, ध्रुवप्रदेश वगळता साऱ्या पृथ्वीवरील हिमनद्यांचा आहे, आणि साल आहे २३५०. कॅनडातील ट्रेंट विद्यापीठाचे ग्रॅहम कोगली यांनी ही साखळी शोधून काढली आणि तीन सहकाऱ्यांसह जानेवारी २०१० मध्ये 'सायन्स'मधील पत्रात ती मांडली. २० जानेवारी २०१० रोजी आयपीसीसीने स्वतः निवेदन काढून खेद व्यक्त केला, तो उतारा पुरेशा पुराव्यावर आधारलेला नव्हता हे मान्य केले आणि पुरावा तपासण्याचे आपलेच ठरलेले निकष तेथे नीट पाळले गेले नाहीत असेही सांगितले.

त्यामुळे आपल्या वादाचे उत्तर नियमाच्या चौकटीतच मिळते. आपण स्वतःचे मत घालत नाही. ज्या संस्थेने विधान केले तिनेच ते मागे घेतले, हे त्या संस्थेच्याच कागदावरून दाखवत आहात. सहकाऱ्याला २००७ चा संदर्भ चालत असेल तर त्याच संस्थेचा २०१० चा संदर्भ का चालू नये?

त्रैराशिक

मी गणिताचा निवृत्त शिक्षक आहे. हिमनद्यांमधले मला काही कळत नाही. पण वरील उत्तर वाचल्यावर ते प्रकरण मिळवून चाळले, आणि असे वाटले की या बाबतीत साखळी शोधण्याआधीच साधा वाचक सावध होऊ शकला असता.

पहिले वाक्य म्हणते की २०३५ पर्यंत हिमनद्या नाहीशा होतील. लगेच पुढचे म्हणते की २०३५ मध्ये १,००,००० चौरस किलोमीटर उरतील. नाहीशा झालेल्या वस्तूचे क्षेत्रफळ कसे उरते? त्याच विभागात सुरुवातीला हिमालयातील हिमनद्यांनी व्यापलेले क्षेत्र सुमारे तीस लाख हेक्टर, म्हणजे ३०,००० चौरस किलोमीटर, असे दिले आहे. तीस हजारांचे एका पानात पाच लाख होतात आणि कोणाच्या नजरेला खटकत नाही, याचे मला नवल वाटले.

पुढे हिमनद्यांच्या माघारीचा तक्ता आहे. त्यात पिंडारी हिमनदी १८४५ ते १९६६ या काळात २,८४० मीटर मागे हटली आणि तिचा वार्षिक वेग १३५.२ मीटर, असे छापले आहे. १८४५ ते १९६६ म्हणजे १२१ वर्षे. भागाकार येतो सुमारे २३.५ मीटर. मग १३५.२ कोठून आले, म्हणून २१ ने भागून पाहिले, तर बरोबर तेवढेच आले. शंभर वर्षे गाळून भागाकार झाला आहे! सातवीच्या वर्गात अशा उत्तराला मी अर्धा गुण दिला असता, रीत बरोबर म्हणून.

माझी सूचना इतकीच की, आकडा असलेले वाक्य उचलताना संदर्भ कितीही मातब्बर असला तरी त्याच्या आजूबाजूची दोन पाने वाचावीत आणि एकके व कालावधी हाताने ताडून पाहावेत. याला ज्ञानकोशाच्या नियमांतही मज्जाव नाही. साध्या भागाकाराला कोणी संशोधन म्हणत नाही.

स्पष्टच_सांगतो

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून प्रश्न असा पडतो की, जगातील शेकडो शास्त्रज्ञांनी तपासलेल्या अहवालात मुलाखतीतील आकडा आणि चुकलेला भागाकार शिरतो, तर मग त्या अहवालाला सर्वोच्च स्रोत मानायचे तरी कशाला? भारत सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये काढलेल्या व्ही. के. रैना यांच्या अहवालात हिमनद्यांची माघार नेहमीपेक्षा वेगळी नसल्याचे म्हटले होते. तेव्हा आयपीसीसीच्या अध्यक्षांनी त्याची संभावना 'जादूटोण्याचे विज्ञान' अशा अर्थाच्या शब्दांत केली आणि दोन महिन्यांत खेद आयपीसीसीलाच व्यक्त करावा लागला. लेखात रैना यांचा निष्कर्ष ठळकपणे द्यावा आणि दुसऱ्या बाजूला समान जागा द्यावी, असे माझे मत आहे.

हिमरेषा

मी हिमनद्यांच्या जलविज्ञानात काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

'स्पष्टच_सांगतो' यांचा राग मला समजतो. त्या हिवाळ्यात आमच्या क्षेत्रातील पुष्कळांना तो आला होता. परंतु निष्कर्ष काढण्यापूर्वी हे विधान अहवालात कोठे होते ते पाहा. आयपीसीसीचे तीन कार्यगट असतात. हवामानाचे भौतिक विज्ञान पहिल्या कार्यगटाकडे असते आणि हिमनद्यांचे मोजमाप तेथे येते. २००७ च्या त्या खंडात हिम आणि बर्फ यांवर एक संपूर्ण प्रकरण आहे, त्यात २०३५ नाही. धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशातही नाही. ते होते परिणामांची चर्चा करणाऱ्या दुसऱ्या गटाच्या प्रादेशिक प्रकरणात. परिणामांविषयी लिहिताना शेती, पाणी, आरोग्य, स्थानिक अनुभव अशा गोष्टी येतात आणि त्यांवरचे बरेच साहित्य संशोधनपत्रिकांबाहेर असते. आयपीसीसीच्या कार्यपद्धतीची तपासणी करणाऱ्या इंटरअकॅडमी कौन्सिलच्या ऑगस्ट २०१० मधील अहवालात याचे प्रमाण दिलेले आहे: तिसऱ्या मूल्यांकनात पहिल्या गटाच्या संदर्भांपैकी ८४ टक्के संशोधनपत्रिकांतील लेख होते, दुसऱ्या गटात ५९ टक्के, तिसऱ्यात ३६ टक्के. म्हणून 'आयपीसीसी म्हणते' असे लिहिणे म्हणजे 'शासन म्हणते' असे लिहिण्यासारखे आहे. कोणत्या गटाने, कोणत्या प्रकरणात, कशाच्या आधारावर, हे लिहिले की विधानाचे खरे वजन कळते.

आता रैना यांच्याविषयी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि त्यांचा क्षेत्रीय अनुभव मोठा होता, त्याचा आदर राखूनच सांगते: मंत्रालयाने त्यांचा अहवाल काढला तेव्हा त्याला चर्चापत्र असे नाव दिले होते, आणि तज्ज्ञ-परीक्षणातून, म्हणजे प्रसिद्धीपूर्वी त्याच क्षेत्रातील इतर जाणकारांच्या तपासणीतून, तो गेलेला नव्हता. डब्ल्यूडब्ल्यूएफचा अहवाल तज्ज्ञ-परीक्षित नाही म्हणून नाकारायचा आणि चर्चापत्र मात्र ठळकपणे द्यायचे, हा दुजाभाव होईल. २०३५ चुकीचे ठरले म्हणून 'काहीच वेगळे घडत नाही' हे आपोआप बरोबर ठरत नाही. शिवाय ही चूक अहवालावर रुसलेल्या कोणी शोधून काढली नाही. ती शोधणारे लोक हिमनद्या आक्रसत आहेत असे मोजून सांगणारेच होते.

मोजमाप म्हणताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. हिमनदीचे मुख, म्हणजे खालचे टोक, किती मीटर मागे गेले हे एक माप, आणि तिच्यातील बर्फाचे वस्तुमान किती घटले हे दुसरे. जाड दगडगोट्यांच्या थराखालची हिमनदी मुखाशी फारशी हलत नाही, पण वरून पातळ होत राहते. लोकप्रिय लेखनात ही दोन मापे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. रैना आणि त्यांचे टीकाकार यांच्या वादातला बराच भाग याच गोंधळाचा होता, असे माझे मत आहे. काराकोरममधील काही हिमनद्या तर स्थिर राहिल्या किंवा किंचित वाढल्या, तेव्हा 'हिमालय' म्हणताना स्रोताने कोणता प्रदेश धरला आहे तेही पाहावे लागते.

'मसुदाकार' यांना उपयोगी पडतील असे स्रोत सांगते. जून २०१९ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये आलेल्या अभ्यासात शीतयुद्धकाळातील अमेरिकी हेर-उपग्रहांची छायाचित्रे वापरून हिमालयातील ६५० हिमनद्या तपासल्या आहेत. १९७५ ते २००० या काळात वर्षाला सरासरी ०.२२ मीटर जलसममूल्य (गेलेल्या बर्फाचे पाणी केले तर होणारी थराची जाडी) इतकी घट होती, ती २००० ते २०१६ मध्ये ०.४३ मीटर झाली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. मोठ्या हिमनद्यांची जाडी शेकडो मीटर असते, त्यामुळे या वेगाने त्या पाव शतकात संपणार नाहीत हे उघड आहे. आणि वेग दुप्पट होणे ही किरकोळ गोष्ट नाही हेही तितकेच उघड आहे. भविष्याबद्दल काठमांडूच्या इसिमोड या संस्थेचे २०१९ चे हिंदुकुश-हिमालय मूल्यांकन पाहा: जागतिक तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी शतकाअखेर सुमारे एक तृतीयांश बर्फ जाईल, आणि उत्सर्जन असेच वाढत राहिले तर सुमारे दोन तृतीयांश.

येथेच एक खाचखळगा आहे. तो एक तृतीयांशचा आकडा मुळात उट्रेख्त विद्यापीठातील संशोधकांच्या 'नेचर'मधील २०१७ च्या लेखातून आला आहे. तुम्ही मूल्यांकन आणि तो लेख असे दोन्ही संदर्भ एकाच वाक्याखाली दिलेत तर वाचकाला दोन स्वतंत्र पुरावे असल्याचा भास होईल, प्रत्यक्षात पुरावा एकच आहे. असे वाक्य मूल्यांकनाच्या आधारे लिहावे, आणि आकडा मूळ कोणाचा ते वाक्यातच सांगावे.

मसुदाकार

सर्वांचे मनापासून आभार. आयपीसीसीचे निवेदन सहकाऱ्याला दाखवले; त्याने वाक्य मागे घेण्यास मान्यता दिली, फक्त 'मग ते मूळ खंडात अजून छापलेले कसे' असे विचारले. छापील पुस्तक घरोघर जाऊन दुरुस्त करता येत नाही, आणि फार वर्षांपूर्वी संगणकावर उतरवलेली प्रतही तशीच राहते, एवढेच मला सुचले.

मुंबईच्या वाक्याचा प्रश्न मात्र तसाच आहे. चारही बातम्या मी वाचल्या. चारही ऑक्टोबर २०१९ च्या अखेरच्या आठवड्यातील आहेत.

भरती_ओहोटी

चारही एकाच आठवड्यातील आहेत, यातच अर्धे उत्तर आले. २०३५ ची साखळी उभी होती, एकातून दुसरे निघत गेलेले. ही आडवी पसरली आहे, एकाच मुळापासून चार फांद्या. ते मूळ म्हणजे क्लायमेट सेंट्रल या अमेरिकी संस्थेतील स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस यांचा 'नेचर कम्युनिकेशन्स'मधील लेख. तो तज्ज्ञ-परीक्षित आहे, माझ्या मते चांगलाही आहे, आणि त्यात मुंबई बुडण्याची तारीख दिलेली नाही.

लेखाचा मुख्य विषय समुद्र नसून जमीन आहे, हे बातम्यांतून निसटले. किनाऱ्याची उंची मोजण्यासाठी आजवर अंतराळयानातून रडारने घेतलेली मापे वापरली जात. ती दाट वस्तीत आणि झाडीत जमिनीऐवजी छपरांची आणि शेंड्यांची उंची पकडतात, त्यामुळे जमीन आहे त्यापेक्षा उंच वाटते. लेखकांनी ही चूक संगणकीय पद्धतीने सुधारली, आणि किनारी सखल जमिनीवर राहणाऱ्यांची संख्या आधीच्या अंदाजांच्या कित्येक पट निघाली. २०५० च्या सुमारास वर्षातून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली असलेल्या जमिनीवर आज ३४ कोटींपर्यंत लोक राहतात, असा त्यांचा अंदाज आहे. पण त्याच लेखाच्या सारांशात असेही आहे की, तशा पातळीखाली आजच सुमारे २५ कोटी लोक राहत आहेत, आणि भरतीरेषेखाली आज ११ कोटी. ते लोक काही पाण्यात उभे नाहीत. बांध, भिंती, उपसा पंप यांचा विचार या हिशेबात केलेला नाही, हे लेखकांनी नमूद केले आहे. 'वार्षिक पुराच्या पातळीखालची जमीन' याचे मथळ्यात 'पुसले जाणारे शहर' झाले आणि तो मथळा जगभर फिरला. मी स्वतः वर्सोव्यात राहतो, दर पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवतो; धोका कमी लेखण्यात मला काही रस नाही. पण चार तळटिपांच्या ठिकाणी एकच असावी, ती त्या लेखाची, आणि वाक्य त्या लेखाने मोजले तेवढेच असावे.

खरे तर हिमनद्यांवरच्या लेखाच्या प्रस्तावनेत मुंबई हवीच का, हाही विचार करा. भारताविषयी काही सांगायचेच असेल तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी संपादित केलेले २०२० चे मूल्यांकन अधिक योग्य आहे. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले, असे त्यात आहे. ते अनेक अभ्यासांचे मूल्यमापन आहे, आणि हिमालयावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे.

ग्रंथालयातली_खिडकी

थोडीशी भर घालतो, कारण मराठीत लिहिणाऱ्यांपुढे एक वेगळी अडचण येते. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि शेवटचे खंड या शतकात. आज सगळ्या नोंदी एकाच संकेतस्थळावर, एकाच टंकात शेजारी शेजारी दिसतात. पाठ्यपुस्तकी भूगोलासाठी त्या नोंदी मी अजूनही डोळे मिटून देतो, परंतु हिमनदीची लांबी किंवा हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण तेथून घेताना नोंद कोणत्या दशकातली हे पाहिलेच पाहिजे. आकडा तेव्हा बरोबर होता. बर्फ आणि हवा तेव्हाचे राहिलेले नाहीत.

आणि २०१० नंतर छापलेल्या मराठी पुस्तकांतही २०३५ सापडू शकेल. उद्या कोणी तसे पुस्तक घेऊन आला आणि 'हा नवा संदर्भ' म्हणून ते वाक्य परत जोडू लागला, तर पुस्तकाचे साल पाहू नका. त्या पानाखालची तळटीप कोठे जाते ते पाहा.

मसुदाकार

आज मसुद्यात केलेले बदल येथे नोंदवतो. मुंबईचे वाक्य प्रस्तावनेतून काढले. २०३५ चे वाक्य नुसते न काढता 'अंदाजांचा इतिहास' या नव्या विभागात असे लिहिले आहे: 'आयपीसीसीच्या २००७ मधील चौथ्या मूल्यांकनाच्या दुसऱ्या कार्यगटाच्या खंडात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता वर्तवली होती, हे विधान तज्ज्ञ-परीक्षण न झालेल्या अहवालातून घेतलेले होते आणि आयपीसीसीने २० जानेवारी २०१० रोजी त्याबद्दल खेद व्यक्त केला.' त्याखाली दोन तळटिपा आहेत, एक निवेदनाची आणि एक 'सायन्स'मधील पत्राची. ६५० हिमनद्यांचा अभ्यास त्याच्या पुढच्या विभागात घेतला असून मुखाची माघार आणि वस्तुमानातील घट यांतला फरक एका परिच्छेदात वेगळा सांगितला आहे.

पिंडारीचा तक्ता सहकाऱ्याने आधीच मराठीत उतरवून ठेवला होता, तेव्हा 'त्रैराशिक' सरांना विनंती की उरलेल्या ओळींचे भागाकारही एकदा तपासून द्यावेत.

त्रैराशिक

पाठवून द्या. सोमवारपर्यंत करून देतो, मात्र तक्त्यातील वर्षे मूळ इंग्रजी प्रकरणावरून पुन्हा ताडून पाठवा. उतरवताना २३५० चे काय झाले ते आपण पाहिलेच आहे.